गोल्फचा सराव आणि फक्कीची रेघ

चेंडू माणसांच्या दिशेने सुटला की गोल्फमध्ये ‘फोर!’ असं ओरडतात. पुढे असणाऱ्यांनी सावध व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. जळगाव-धुळ्याकडे मात्र बांधावरच्या माणसाला ‘फोर’ ऐकू आलं, तर तो चौका कुठे गेला ते बघायला मान वर करून आभाळाकडे डोळे लावेल. चेंडू अंगावर येत असताना नेमकं हेच करायचं नसतं. म्हणून आपल्या भागात उघड्या रानावर सराव करताना ‘डोकं झाका, खाली बसा!’ किंवा सरळ ‘ओ भो, डोकं सांभाय!’ असं ओरडलेलं बरं. रेंजवर (फटक्यांच्या सरावाचं मैदान) किंवा कोर्सवर (प्रत्यक्ष खेळाचं मैदान) गेलात तर तिथे ‘फोर’च म्हणा, कारण तिथल्या लोकांचे कान त्याच शब्दाला सरावलेले असतात. आणि तो शब्द तुमच्या कानावर आला तर चेंडू शोधत बसू नका. दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, आवाजाकडे पाठ करायची आणि खाली वाकायचं. क्रिकेटमुळे आपला हात झेल घ्यायला आपोआप वर जातो. ही सवय मोडायला थोडा वेळ लागतो.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काही जण पुण्या-मुंबईच्या रेंजवर पहिल्यांदाच जाणार असतात. काहींनी घरच्या शेतात, कपाशी निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात, सेकंडहँड क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, आणून सराव सुरू केलेला असतो. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं तर तो तुम्हाला अनंत कान्हेरे मैदानावर (लोक त्यालाच गोल्फ क्लब मैदान म्हणतात) उतरवेल आणि तिथे क्रिकेट चाललेलं असेल, हेही आधीच सांगून ठेवतो.

आता चेंडू. नियमानुसार त्याचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो. क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे गोल्फचा चेंडू त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलका. पण शोएब अख्तरचा २००३ च्या विश्वचषकातला तो प्रसिद्ध चेंडू ताशी १६१.३ किलोमीटरचा होता, तर गोल्फमध्ये हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरून (सगळ्यात लांब मारायचा क्लब) चेंडू ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सहज सुटतो. या वेगाला ३० मीटर अंतर अर्ध्या सेकंदाचं. दुसरी गोष्ट आकाराची. क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसला तरी बहुतेक वेळा डोळ्याभोवतीचं हाड त्याला अडवतं. गोल्फचा चेंडू जवळपास डोळ्याच्या खोबणीएवढाच असतो. या खेळात डोळ्याच्या दुखापती इतक्या वाईट का होतात, ते यातून कळतं.

रेंजवरचे सगळे शिष्टाचार एका रेघेतून निघतात. जिथे चेंडू ठेवून मारायचा ती रेघ. सगळ्यांचे चेंडू त्याच रेघेवर, आणि चेंडू हवेत असेपर्यंत रेघेच्या पुढे एकही माणूस नाही. विटी-दांडूत झेलायला पोरं पुढे उभी राहतात, इथे कोणीच नाही. मॅटच्या, म्हणजे नकली गवताच्या चटईच्या, रेंजवर ही रेघ बांधलेलीच असते. गवती रेंजवर ती दोरीने आखतात आणि रोज थोडी मागे-पुढे सरकवतात. शेतात ती तुम्हीच आखायची. कबड्डीच्या मैदानाला लागते तीच फक्की, दोन खुंट्या आणि सुतळी. काम दहा मिनिटांचं आहे.

रेघ सरळच का हवी, हे कळायला शँक म्हणजे काय ते माहीत पाहिजे. क्लबच्या डोक्याला दांडा जिथे जोडलेला असतो तो गोल भाग म्हणजे हॉझल. चेंडू क्लबच्या तोंडावर न लागता या हॉझलवर लागला, की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू एकदम उजवीकडे निघतो. ४५ अंशांनी, कधी त्याहूनही तिरका. शिवाय तो खालून आणि वेगात जातो. ड्रायव्हरचा उंच गेलेला चेंडू पाच-सहा सेकंद हवेत असतो, तेव्हा ओरडायला वेळ मिळतो. शँकला तो मिळत नाही. ‘सां...’ म्हणेपर्यंत चेंडू पोचलेला असतो. त्यामुळे शँकपासून वाचवते ती फक्त रेघ. तुमच्या उजवीकडचा माणूस तुमच्याच रेघेत असेल, तर तुमचा शँक त्याच्या पुढून निघून जातो. ‘इथलं गवत जरा बरं आहे’ म्हणत तो दोन मीटर पुढे सरकला असेल, तर तो बरोबर त्या कोनात उभा आहे. नवशिक्याच्या हातून शँक होतोच, अनुभवी माणसाच्या हातूनही होतो, आणि कधी होईल ते मारणाऱ्याला आधी कळत नाही.

म्हणून पुढे पडलेली टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) उचलायला एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. घसरून दोन हातांवर जाऊन थांबलेला चेंडू असो की तुटलेली टी, ती तिथेच राहू द्या. हात लांब करून क्लबने ओढून घेणंही नको, कारण वाकल्यावर डोकं रेघेच्या पुढे जातं.

बघणाऱ्याने उभं कुठे राहायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. मित्राचा स्विंग, म्हणजे तो क्लब कसा फिरवतो ते, बघायचा किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा म्हणून लोक समोर, त्याच्या छातीच्या बाजूला आणि थोडे पुढे उभे राहतात. उजव्या हाताच्या खेळाडूची तीच बाजू शँकची. समोरून बघायचं असेल तर रेघेच्या चांगलं मागे राहून, तिरकं बघा. सगळ्यात निर्धास्त जागा मागची, निदान ५ मीटर अंतरावर. ट्रायपॉडही तसाच मागे. ड्रायव्हर साधारण ४५ इंच, म्हणजे ११५ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. त्यात हात धरले की क्लबचं डोकं अंगापासून जवळपास दोन मीटरचा फेरा घेतं. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे उचलताना, ते डोकं खेळणाऱ्याच्या मागे जातं आणि मागचा माणूस त्याला दिसत नाही. रेंजवर दोन मॅटच्या मध्यांत म्हणूनच तीन मीटर किंवा जास्त अंतर ठेवतात. शेतात मोठ्या पाच ढांगा मोजा. बोलता बोलता बॅट फिरवावी तसा क्लब हवेत फिरवायची सवय क्रिकेटवाल्यांना फार. मारायची जागा सोडली की क्लबचं डोकं जमिनीकडे, बस.

डावखुरा खेळाडू असेल तर रेंजवाल्याला आधी सांगा. चेंडूच्या दिशेने तोंड करून पाहिलं तर सगळ्यात डावीकडची जागा त्याला सोयीची. तिथे शेजारी आणि तो पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि त्याचा शँक डावीकडे, मोकळ्या बाजूला जातो. उजव्या टोकाला दिलं तर दोघं तोंडासमोर तोंड करून उभे, कोणाचंच मन लागत नाही.

लहान मुलं. मुलाच्या हातात क्लब असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडेच लक्ष द्यायचं, आणि मुलाच्या हातात क्लब नसेल तर त्याला मागे बाकावर बसवायचं. मुलं पळत येतात ती मागून, बॅकस्विंगच्या फेऱ्यात.

पैसे भरून जायच्या रेंजवर गेलात की बाकीचं सोपं आहे. कॉलर असलेला टी-शर्ट बहुतेक ठिकाणी लागतो, तेव्हा फोनवर आधी विचारून घ्या. काउंटरवर चेंडूंची बकेट मिळते. लहानीत ५० च्या आसपास चेंडू, मोठीत १००. हे चेंडू रेंजचे, त्यावर पट्टा किंवा शिक्का असतो, आणि आठवण म्हणूनसुद्धा खिशात घालून नेणं ही चोरीच. बकेट पायाशी नको, बाजूला ठेवा, कारण घरंगळलेल्या चेंडूवर पाय पडून घोटा मुरगळतो. फोन सायलेंटवर, बोलणं हळू, शेजारी चेंडूसमोर उभा राहिला की त्याच्या पाठीमागून जायचं नाही, त्याचा फटका होईपर्यंत थांबायचं. आणि न विचारता सल्ला द्यायचा नाही. ‘भाऊ, डोकं वर येतंय तुमचं’ हे वाक्य प्रत्येक रेंजवर ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचंच असतं.

मधूनच एक जाळीने मढवलेली गाडी चेंडू गोळा करायला मैदानात उतरते. काही जण तिच्यावर नेम धरतात. आत माणूस बसलेला असतो. जाळी असली तरी चेंडू आदळल्याचा आवाज आत कसा लागत असेल, याचा विचार करा. जिथे गाडी नसून माणसं हाताने चेंडू वेचतात, तिथे सगळ्यांनी थांबायचं. दुमजली रेंजवर वरच्या मजल्यावर असाल तर कठड्याशी वाकायचं नाही, आणि खाली पडलेल्या टीचा विचार सोडून द्यायचा.

गवती रेंजवर एक गोष्ट माळीबुवांना फार आवडते. आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) मारल्यावर गवताचा तुकडा उडतो आणि खड्डा पडतो, त्याला डिव्हट म्हणतात. पुढचा चेंडू त्या खड्ड्याच्या लगेच मागे, गवताची छोटी पट्टी राहील असा ठेवा. मग एका सरळ ओळीत लांब पट्टा तयार होतो आणि दोन्ही बाजूंचं गवत तो भरून काढतं. प्रत्येक चेंडू नव्या जागेवरून मारला, तर तेवढ्याच चेंडूंत कितीतरी जास्त गवत जातं.

आता शेत. यात जरा वेळ घालवू, कारण इथे रेघ आखायला, थांबवायला आणि ओरडायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

आधी जागेचा हिशेब. हौशी माणसाचा ड्रायव्हर हवेतच १८०-२०० मीटर जातो, पुढे घरंगळतो. उन्हाळ्यात काळी जमीन तापून सिमेंटसारखी टणक झालेली असली की घरंगळणं आणखी लांब. २५० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद एवढी जागा धरली तर ती सहा एकरांच्या थोडी वरच जाते. एवढं सलग, मोकळं आणि आजूबाजूला रस्ता-वस्ती नसलेलं रान बहुतेकांकडे नसतं. नसेल तर ड्रायव्हर घरी ठेवा. पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) पूर्ण मारली तरी साधारण ९०-१०० मीटर जाते. त्याहून कमी जागेत अर्धा स्विंग, किंवा फोमचे नाहीतर भोकं पाडलेले प्लास्टिकचे चेंडू. त्यांनी स्विंग तितकाच शिकता येतो.

दिशा उत्तर ठेवा. सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे मारलं तर सूर्य डोळ्यात येतो, चेंडू कुठे गेला ते दिसत नाही आणि कोणाला ओरडायचं तेही कळत नाही. उत्तरेकडे मारताना पश्चिम तुमच्या डावीकडे येते, आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात जोराचा वारा पश्चिमेकडूनच येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाही उभ्या. नवशिक्याचा चेंडू उजवीकडे वळतो, त्याला स्लाइस म्हणतात. डावीकडून येणारा वारा त्याला आणखी उजवीकडे ढकलतो. म्हणून गाडरस्ता, घर, विहीर, शेजाऱ्याचं खळं डावीकडे राहील अशी जागा निवडा आणि उजवीकडे दुपटीने मोकळी जागा सोडा. त्या बाजूला केळीची बाग असेल तर जागाच बदला. चेंडूने घडाला डाग पडतो ही गोष्ट लहान. बागेच्या आत काम करणारी माणसं बाहेरून दिसत नाहीत, ही मोठी.

दर फटक्याआधी एकदा पूर्ण रानावर नजर फिरवायची. हंगाम संपल्यावर मोकळ्या रानात ठेलारींचे मेंढ्यांचे कळप येतात, गुरं येतात, पायवाटेने सायकलवाला निघतो. मेंढरं दिसली की फटका नाही. ती पूर्ण पार होईपर्यंत नाही.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे चेंडू वेचणं. गावातली पोरं हौसेने धावतात, एक जण मारत असतो आणि दोघं वेचत असतात. हे चालू द्यायचं नाही. बकेट संपली की सगळ्यांनी क्लब रेघेवर आडवे ठेवायचे, हातात एकही नको. मग सगळे एकदम पुढे जायचे आणि सगळे एकदम मागे यायचे. परत आल्यावर माणसं मोजायची. मग क्लब उचलायचे. पाच जण गेले, पाच आले. एक जण बांधाच्या आड लघवीला बसलेला असतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

वेचताना हातात जुना क्लब ठेवा आणि गवत त्याने बाजूला सारा. बांधाच्या गवतात घोणस असते, आणि मातीच्या रंगात ती दिसत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगांत चेंडू आत गेला की तो गेला म्हणायचा. हात घालायचा नाही. त्याच भेगांत घोटाही अडकतो, तेव्हा बूट घोट्यापर्यंतचे. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्या, नाहीतर पाय अडकतो किंवा नळी कापली जाते. मारण्यासाठी दीड मीटरची चौकोनी मॅट आणि तिला चार कोपऱ्यांत खिळे. ओल्या काळ्या मातीवर मॅट घसरते. उघड्या मुरमावरून आयर्न मारू नका. खडे डोळ्याकडे उडतात आणि हाडं हादरून कोपर धरतं. मॅटखाली काँक्रीट असेल तरी कोपराचं तेच होतं.

जाळी लावून सराव करणाऱ्यांसाठी एक मोठा सापळा आहे. क्रिकेटच्या नेटची जाळी गोल्फला चालत नाही. तिची भोकं साधारण ४५ ते ५० मिलिमीटरची असतात, चेंडू ४२.६७ चा. तो सरळ आरपार जातो. गोल्फच्या जाळीची भोकं २० ते २५ मिलिमीटर हवीत. शेतकऱ्याच्या घरात शेडनेटचा तुकडा पडलेला असतोच, पण ते सावलीसाठी विणलेलं असतं आणि दोन-चार फटक्यांत फाटतं. जाळी ताणून बांधू नका, ढिली सोडा. ताणलेली जाळी चेंडू परत तुमच्याकडे फेकते. चेंडू जाळीपासून अडीच-तीन मीटरवर, जाळीमागे भिंत नको. लोखंडी खांबांवर पाइपचा फोम किंवा जुन्या टायरची ट्यूब गुंडाळा, कारण खांबावर बसलेला चेंडू तसाच उलटा येतो. आपल्या उन्हाने नायलॉन कडक होतं, तेव्हा दर महिन्याला जाळीचा धागा अंगठ्याने ओढून बघा. तुटला तर नवी आणा. गच्चीवर जाळी लावायची असेल तर माझं मत साफ आहे: लावू नका. कडेने सुटलेला एक चेंडू खालच्या गल्लीत जातो.

क्लबसाठी भुसावळ-जळगावचं ऊन वेगळ्याच कारणाने वाईट. डोकं दांड्याला इपॉक्सीने चिकटवलेलं असतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत क्लब दिवसभर पडले की ते चिकट हळूहळू सैल होतं. मग एखाद्या स्विंगमध्ये डोकं निघून पुढे जातं, चेंडूपेक्षा कितीतरी जड. सुरुवातीला प्रत्येक क्लबचं डोकं एका हाताने आणि दांडा दुसऱ्या हाताने धरून पिळून बघा. दांडा डोक्याला मिळतो तिथे काळी प्लास्टिकची कडी असते. ती वर सरकून फट दिसत असेल किंवा कुरकुर ऐकू येत असेल, तर तो क्लब बाजूला. ग्राफाइटच्या दांड्यावर बोट फिरवून तडा बघा. ग्रिप घामाने गुळगुळीत झाली की क्लबच हातातून सुटतो, म्हणून टॉवेल आणि दोन हातमोजे. एक वाळेपर्यंत दुसरा.

सराव सकाळी साडेसहाला सुरू करून साडेनऊच्या आत संपवा. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या दिवसांत संध्याकाळही भाजतच असते. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, एक लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट. डोकं गरगरलं, मळमळलं किंवा घाम येणं थांबलं, तर सावली, ओलं कापड, आणि बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना.

वळवाच्या दिवसांत आभाळ काळं व्हायला अर्धा तास पुरतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले, तर ती वीज तुमच्यापर्यंत पोचू शकेल एवढी जवळ आहे. क्लब टाका, गाडीत बसा, काचा वर. आंब्याखाली नाही, शेडखाली नाही, छत्री नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजून मगच परत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्या.

चेंडू लागलाच तर. डोळ्याला लागला असेल तर चोळायचं नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या, बरं वाटत असलं तरी. डोक्याला लागला असेल आणि माणूस उठून ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी दवाखान्यात दाखवा, आणि पुढचे २४ तास त्याला एकटं सोडू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, झोप न आवरणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत शुद्ध गेली तर तो पडेल. १०८ लावा.

शेतात आणलेले चेंडू मोजून आणा आणि मोजून न्या. ५० आणले आणि ४७ मिळाले, तर उरलेले तीन कुठे असतील त्याचा अंदाज शेतमालकाला सांगा. पेरणीआधी रोटाव्हेटर फिरतो, आणि त्याच्या पात्यात सापडलेला चेंडू ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या माणसाच्या दिशेने दगडासारखा उडतो.